बोलणी करायला गेला की दलाल? कोकणातले मवाळ, जहाल आणि आपल्या ग्रामसभा

जांभा (धागाकर्ता)

राजापूर असो, गुहागर असो की उरण, प्रकल्प आला की गावात आधी दोन तट पडतात आणि मग त्या तटांना नावं पडतात. ठाम विरोधात उभा राहिला तो 'विकासविरोधी' आणि सरकारशी बोलूया म्हणाला तो 'दलाल'. पहिलं नाव बाहेरचे लोक देतात. दुसरं आपण आपल्याच माणसाला देतो. मला या दुसऱ्याबद्दल लिहायचं आहे.

आमच्या भागात औद्योगिक क्षेत्राची कुजबुज सुरू आहे. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर चर्चा तिकडेच भरकटेल. गेल्या ग्रामसभेत विरोधाचा ठराव एकमताने झाला. मीही हात वर केला आणि उद्या परत घेतली सभा तरी करीन. ठराव झाल्यावर एक निवृत्त गुरुजी उठले. म्हणाले, ठराव झाला ते चांगलंच झालं, पण उद्या प्रांतांकडून बोलावणं आलं तर कोण जाणार, काय मागणार आणि कशाला मान हलवायची नाही, हेही आजच लिहून ठेवूया. शाळेच्या पडवीत बसलेली तीन-चार पोरं ताडकन उभी राहिली. "गुरुजी, तुमचा आकडा किती ठरला?" सरपंच रजिस्टरमध्ये डोकं घालून बसले. कोणीही त्या पोरांना खाली बसवलं नाही. गुरुजींनी टोपी सारखी केली आणि ते बसले. ज्या माणसाने अर्ध्या गावाला बाराखडी गिरवायला लावली, त्याला भर सभेत आकडा विचारला गेला.

मवाळ आणि जहाल हे आपण शाळेत शिकलो ते पुण्याच्या गोष्टी म्हणून. ज्यांच्यावरून शिकलो ते दोघेही आपल्याच जिल्ह्याचे. टिळक १८५६ साली रत्नागिरीत जन्मले, मूळ गाव दापोली तालुक्यातलं चिखलगाव. गोखले १८६६ साली गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला. १९०७ साली सुरतेला काँग्रेस फुटली आणि आपल्या डोक्यात हे दोघे एकमेकांकडे पाठ करून तिथेच उभे राहिले. पुढचं आपण वाचत नाही.

पुढे काय झालं? टिळक १९१४ मध्ये मंडालेहून सुटले, १९१६ मध्ये काँग्रेसमध्ये परतले आणि त्याच वर्षी लखनौला मुस्लीम लीगशी झालेल्या कराराच्या पाठीशी उभे राहिले. त्या करारात विभक्त मतदारसंघ मान्य केले होते. जहालांच्या पुढाऱ्याने केलेली ही केवढी मोठी तडजोड! १९१९ चा सुधारणा कायदा आला तेव्हा तो अपुरा आहे असं ठणकावून सांगत त्यांनी प्रतियोगी सहकारितेची भूमिका घेतली, म्हणजे तुम्ही जेवढे पुढे याल तेवढे आम्ही येऊ. १९२० मध्ये निवडणुकीसाठी पक्षाचा जाहीरनामाही काढला.

आणि गोखले? मवाळ म्हणजे मुळमुळीत अशी आपली समजूत. या माणसाने १९११ मध्ये सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं विधेयक अशा कौन्सिलात मांडलं, जिथे सरकारी बाजूच्या मतांपुढे ते टिकणार नाही हे त्यांना स्वतःला ठाऊक होतं. १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. पण आकडेवारी, खर्चाचा हिशेब, कुठल्या टप्प्याने सक्ती आणायची, सगळं कागदावर आलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांनी मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांपुरता तसा कायदा करून घेतला.

माझं म्हणणं एवढंच आहे. ध्येयाला चिकटून राहायचं हे कबूल. पण समोरच्याशी बोलायलाच जायचं नाही, आणि जाईल त्याची अब्रू काढायची, हे आपण कुठून आणलं?

वेलदूरचा वारा

कुठून आणलं ते मी सांगतो. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पातून आणलं.

मी गुहागर तालुक्यातला. १९९५ च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवू अशी भाषणं झाली. सरकार बदललं, ऑगस्टमध्ये प्रकल्प रद्दही झाला. अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांत लोकांना वाटलं, सुटलो. त्यानंतर फेरवाटाघाटी झाल्या. १९९६ उजाडता उजाडता तोच प्रकल्प, तीच कंपनी, आणखी मोठा आराखडा. वाटाघाटींच्या खोलीत आमच्यापैकी कोणी नव्हतं. बाहेर जे विरोध करत राहिले त्यांच्यावर लाठ्या पडल्या, बायामाणसांना धरून नेलं. ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ मध्ये त्याचा अहवाल काढला. त्याच वर्षी पहिला टप्पा सुरू झाला, आणि २००१ मध्ये वीज परवडत नाही म्हणून राज्य वीज मंडळाने ती घेणंच थांबवलं. कंपनी त्याच वर्षाच्या अखेरीला अमेरिकेत दिवाळखोरीत गेली.

म्हणजे जे लोक पहिल्या दिवसापासून "ही वीज महाग पडणार" म्हणून ओरडत होते ते 'आडमुठे' ठरले, आणि व्यवहारी म्हणवणाऱ्यांनी राज्याला खड्ड्यात घातलं. आता सांगा, गुरुजींना तो प्रश्न विचारणं चूक, मान्य. पण पोरांच्या मनात तो प्रश्न आला कसा, हेही बघा.

जांभा

वेलदूरचा वारा, तुमच्या एकाही वाक्याला माझा विरोध नाही. पण यात मवाळपणा कुठे आहे? प्रचारात समुद्रात बुडवायची भाषा होती, ती जहाल. सत्तेत आल्यावर बंद खोलीत सौदा झाला. ज्यांची जमीन गेली त्यांनी तो करायला कोणाला पाठवलं नव्हतं आणि झाल्यावर तो त्यांना कोणी वाचून दाखवला नाही. गोखल्यांनी आपलं विधेयक उघड्या सभागृहात मांडलं, पडलं तेही उघड्यावर. मला वाटतं आपण ज्याला तडजोड म्हणून शिव्या घालतो तो बहुतेक वेळा परस्पर केलेला सौदा असतो.

पांढरा कांदा

वाचतोय. चांगला धागा. सविस्तर लिहीन.

सावित्रीकाठ

टिळक-गोखल्यांच्या जोडीपेक्षा या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर महाडला आहे. मी तिथलाच. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर लहानपण गेलं, त्यामुळे जरा लांबण लागेल.

१९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, की सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करावेत. शुद्ध मवाळ मार्ग. पुढच्या वर्षी महाड नगरपालिकेने त्याप्रमाणे तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाण्यापर्यंत कोणी पोचला नाही. इथे जहाल मित्र म्हणतील, बघा, ठरावांनी काही होत नाही. थांबा.

२० मार्च १९२७ ला बाबासाहेब परिषदेतल्या हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ही कृती क्रांतिकारक होती यात वाद नाही. पण ती करताना हातात नगरपालिकेचा तोच ठराव होता. आपण बेकायदा काही करत नाही, हे सांगायला तो कागद उपयोगी पडला. त्या दिवशी परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, जेवणाच्या मांडवात घुसून मारहाण झाली. आपल्या लोकांची संख्या कमी नव्हती, त्यात लष्करात राहिलेले होते, उलटून मारायची ताकद होती. बाबासाहेबांनी ते होऊ दिलं नाही.

ऑगस्टमध्ये नगरपालिकेने कच खाऊन ठराव मागे घेतला. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. सनातनी मंडळींनी कोर्टात दावा लावला की तळं खाजगी आहे, आणि परिषदेच्या तोंडावर तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. मांडवासाठी जागा कोणी देईना, ती एका मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरच्या रात्री त्या मांडवासमोर खणलेल्या खड्ड्यात चंदनाचे तुकडे रचून मनुस्मृती जाळली. याहून जहाल कृती त्या काळात दुसरी कुठली होती?

आणि त्याच परिषदेत दुसरा प्रश्न समोर होता. कोर्टाचा हुकूम मोडून तळ्यावर जायचं की नाही. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. कलेक्टर येऊन बोलून गेले. बाबासाहेबांनी लोकांना समजावलं की आपलं भांडण सनातन्यांशी आहे, आत्ता सरकारला अंगावर घेऊन ते जिंकता येणार नाही. पाणी न घेता तळ्याला शांतपणे फेरी काढून मिरवणूक परतली. दावा चालत राहिला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टात निकाल आपल्या बाजूने लागला.

त्या दिवशी पाण्याला हात न लावता परतणाऱ्यांना कोणी दलाल म्हटलं असतं तर? तीच माणसं दोनच दिवसांपूर्वी ग्रंथ जाळणारी होती. माणसं मवाळ किंवा जहाल नसतात. एकच माणूस कुठल्या गोष्टीवर हटणार नाही आणि कुठल्या गोष्टीवर दहा वर्षं थांबेल, हे त्याचं त्याला नीट माहीत असलं पाहिजे.

जांभा

सावित्रीकाठ, हा प्रतिसाद स्वतंत्र धागा म्हणून टाका, विनंती. एक दुरुस्ती, ते बोले म्हणजे सी. के. नव्हेत, सीताराम केशव, म्हणजे एस. के. बोले.

सावित्रीकाठ

बरोबर, एस. के. बोले. घाईत टंकलं.

सड्यावरची

सगळं वाचलं, पटलं सुद्धा, आणि तरीही रागच येतोय. का ते लिहिते.

एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती परीक्षण सुरू झालं तेव्हा आधी पोलिसांच्या गाड्या आल्या. जमावबंदी लागली. उन्हाने तापलेल्या कातळावर बायका आडव्या पडल्या, त्यांना उचलून गाडीत घातलं. चर्चेचं आमंत्रण त्यानंतर आलं. ज्याच्या घरात पोलीस शिरलेत त्याला तुम्ही 'बोलायला काय हरकत आहे' म्हणताय.

आणि चर्चेत शब्द देणाऱ्यांचं काय? याच रिफायनरीसाठी आधी नाणारला २०१७ मध्ये अधिसूचना निघाली, लोक लढले, मार्च २०१९ मध्ये प्रकल्प रद्द झाल्याची घोषणा झाली. ज्या पक्षाने तेव्हा आमच्या बाजूने आवाज उठवला, त्याच पक्षाच्या मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२२ मध्ये बारसूची जागा सुचवणारं पत्र केंद्राला पाठवलं. तिथून इथपर्यंत अंतर किती? एका तालुक्याचंही नाही. अशा वेळी "एकच जिद्द, रिफायनरी रद्द" या घोषणेत दुसरं वाक्य जोडायला जागा उरत नाही, कारण दुसरं वाक्य जोडलं की त्याच फटीतून सगळं आत येतं, हे आम्ही बघितलंय.

त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत. हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी जांभ्यात कोरलेली. त्यांचा किती टक्के मोबदला मागायचा? काही गोष्टींना वाटाघाटच लागू होत नाही.

सावित्रीकाठ, तुम्ही म्हणता बाबासाहेब थांबले. ते थांबू शकले कारण तळं तिथेच राहणार होतं. सडा एकदा फोडला की हायकोर्टाचा निकाल दहा वर्षांनी लागून उपयोग काय?

वेलदूरचा वारा

सड्यावरची, शेवटच्या ओळीला शंभर टक्के अनुमोदन.

करंजा बंदर

उरणकडून लिहितो. आमच्या इथे दोन्ही गोष्टी एकाच लढ्यात झाल्या.

नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध आंदोलन चालू होतं. १९८४ च्या जानेवारीत, १६ आणि १७ तारखेला, जासई आणि नवघर परिसरात पोलिसांनी गोळ्या चालवल्या. पाच माणसं गेली. दरवर्षी त्यांना मानवंदना देतो. नेते दि. बा. पाटील. आता हे दि. बा. कोण? शेतकरी कामगार पक्षाचे, लाल बावट्याचे, वकील, १९५७ पासून विधानसभेत आणि पुढे लोकसभेत गेलेले. रस्त्यावर उतरले तेव्हा सगळ्यात पुढे होते आणि मंत्रालयात टेबलापलीकडे बसले तेव्हा कायद्याची कलमं तोंडपाठ होती. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व आलं. आधी सरकारचं म्हणणं असं की पैसे घ्या आणि वाटेला लागा. जमीन घेतल्यावर शहर उभं राहणार, जमिनीची किंमत वाढणार, तर त्या वाढीत मूळ मालकाचा वाटा पाहिजे, हा विचार टेबलावर मांडावा लागला, भांडून लिहून घ्यावा लागला.

गोळीबार झाला नसता तर टेबल मिळालं नसतं. हे खरं आहे, आणि ते लिहिताना बरं वाटत नाही. पण टेबलावर बसायला तयारीचा माणूस नसता तर पाच जीव जाऊन हातात काय आलं असतं?

आणि हेही सांगतो की साडेबारा टक्के कागदावर आल्यावर आम्ही सुटलो नाही. बंदराच्या प्रकल्पग्रस्तांची वाटणी तीस वर्षं झाली तरी पुरती झाली नव्हती. भूखंड हातात पडायच्या आधीच कित्येकांनी ते बिल्डरांना लिहून दिले. मिळालेलं राखायला पुन्हा जहाल व्हावं लागतं.

रोंबाट

माका टिळक-गोखले तितके कळनत नाय, पण आमच्या किनाऱ्यार काय झाला ता सांगतंय. पर्ससीनवाले, म्हणजे मोठ्या यांत्रिक जाळ्यान मासे धरणारे, नि किनाऱ्यार रापण ओढणारे रापणकार, दोगव आमचेच. एकाच देवळात गाऱ्हाणा घालणारे. समुद्रात मारामारी झाली, केसी झाले. पण २०१६ च्या फेब्रुवारीत सरकारान पर्ससीनार निर्बंध घातले, ते सोमवंशी समितीच्या अहवालार. समिती बसली कित्याक? पारंपरिक मच्छीमार रस्त्यार इले म्हणान. आणि आमचा म्हणणा अहवालात गेला कसा? आमचे लोक मासळेचे आकडे घेवन समितीसमोर बसले म्हणान. नुसती बोंब मारून मासो परत येणा नाय. आता कायदो आसा, गस्तीक बोटी पुऱ्यो नाय, एलईडी दिव्यार मासे धरणारे रात्री येतत नि जातत. म्हणान परत रस्त्यार.

खारेपाटातला

पेणच्या बावीस गावांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. महामुंबई सेझच्या (विशेष आर्थिक क्षेत्राच्या) वेळी बहुतेक पुढारी सेझ धोरणाविरुद्ध मोठमोठी भाषणं करत होते, ती हवीतच. पण प्रा. एन. डी. पाटील आणि स्थानिक कार्यकर्त्यांनी एक नेमका मुद्दा धरला, की ही बावीस गावं हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रात आहेत, ओलिताची जमीन सेझला देताच येणार नाही. हा मुद्दा ऐकायला सरकारला भाग पडलं. २१ सप्टेंबर २००८ ला जिल्हा प्रशासनाने गावोगाव जनमत घेतलं. जमीन द्यायची की नाही यावर शेतकऱ्यांनी मतदान केलं, प्रचंड बहुमत विरोधात. पुढे संपादन बारगळलं.

एन. डी. पाटलांना कोणी मवाळ म्हणेल का? आयुष्यभर लाल झेंडा. पण त्यांनी भांडायला जागा निवडली ती पाटबंधारे खात्याच्या नकाशावरची.

सड्यावरचीला एवढंच सांगेन की 'रद्द' हेच ध्येय ठेवूनही बोलता येतं. बावीस गावं मोबदला किती यावर बोलायला गेलीच नव्हती. जमीन का देता येत नाही यावर बोलायला गेली होती.

कोकणकन्या

मी राजकारणाच्या धाग्यांवर सहसा लिहीत नाही. पण राजापूरचं नाव निघालं आणि तिथले खासदार मधु दंडवत्यांचं नाव नाही, हे बघवलं नाही.

समाजवादी माणूस, आणीबाणीत तुरुंगात. १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाल्यावर त्यांनी काय केलं? १९७४ च्या संपात नोकरी गेलेल्या कामगारांना परत घेतलं, ते त्यांच्या विचारसरणीला धरून. आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम घातला. बास, दोन इंच. आमचे आजोबा तळकोकणातून एसटीने हाडं मोकळी करून मुंबईला जायचे, त्यांना रेल्वेची फळी काय आणि फोम काय, दोन्ही माहीत नव्हतं. पण देशभरच्या गरीब प्रवाशाची पाठ त्या माणसाने ओळखली. वर्गविहीन समाज येईपर्यंत फळीवर झोपा असं त्यांनी सांगितलं नाही.

कोकण रेल्वेचंही तेच. नुसत्या अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर बसले असते तर अजून सर्वेक्षणच चालू असतं. जुलै १९९० मध्ये दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना वेगळं महामंडळ निघालं. ५१ टक्के भांडवल रेल्वेचं, महाराष्ट्राचं २२, कर्नाटकचं १५, गोवा आणि केरळ प्रत्येकी ६. बाकी पैसा बाजारातून रोखे काढून उभा केला. दोन कट्टर समाजवाद्यांनी रोखेबाजारातून पैसे उचलून रेल्वे आणली! त्यांच्याच पंथातल्या काहींना ते रुचलं नसेल. पण २६ जानेवारी १९९८ पासून गाडी रोह्यापासून थेट मंगळूरपर्यंत धावते आहे.

आणि १९९१ च्या निवडणुकीत याच दंडवत्यांना आपण पाडलं. नाथ पै यांच्यानंतर वीस वर्षं ज्याने हा मतदारसंघ सांभाळला त्याला. सावकाश, नीट काम करणाऱ्याच्या नावाने कोणी घोषणा देत नाही. जांभा यांच्या ग्रामसभेतले गुरुजी खाली बसले तेव्हा बाकीचे गप्प का राहिले, याचं उत्तर मला इथे दिसतं.

पांढरा कांदा

आता लिहितो. अलिबागहून.

सड्यावरचीने विचारलं की सगळंच पणाला लागलेलं असताना मवाळ कसं व्हायचं. चरीचा संप बघा. १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातल्या चरीला कुळांची सभा झाली आणि पंचवीस गावांनी ठरवलं की खोतांची जमीन कसायची नाही. पुढारी नारायण नागू पाटील. संप सहा वर्षं चालला, १९३९ पर्यंत. सहा वर्षं शेतात बी टाकलं नाही. खारेपाटातल्या माणसाने भाताला हात लावायचा नाही म्हणजे काय, ते इथला माणूसच समजू शकतो. लोकांनी लाकूड तोडून विकलं, खाडीत मासे धरले, करवंदं-आवळे विकून दिवस काढले. इतका कडक लढा या किनाऱ्यावर दुसरा झाला नसेल.

आणि एवढ्या कडक लढ्यातही मागण्या कशा होत्या? उद्या सगळी जमीन आमची, असं त्यांनी पहिल्या दिवशी मागितलं नाही. कुळ म्हणून कायद्यात नोंद पाहिजे, मनमानी कबुलायती नकोत, वेठबिगार नको, उत्पन्नातला वाटा कमी करा. दुसऱ्या बाजूला बाबासाहेबांनी सप्टेंबर १९३७ मध्ये कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं आणि जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिल हॉलवर नेला. विधेयक तेव्हा मंजूर झालं नाही. १९३९ मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला, खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. पोटाला चिमटा घेऊन सहा वर्षं बसलेल्या माणसांनी पायरी पायरीनेच घेतलं, आणि शेवटी सगळं घेतलं.

चरीच्या लोकांना कोणी मवाळ म्हणायची हिंमत करील का? पण महसूलमंत्री मोरारजी देसाई त्या भागात आले तेव्हा त्यांच्यापुढे गाऱ्हाणी मांडायला तीच माणसं उभी राहिली. कोणी कोणाला आकडा विचारला नाही, कारण सगळ्यांची चूल सारखीच विझलेली होती.

सड्यावरची

पांढरा कांदा, तुमच्या शेवटच्या वाक्यावर बराच वेळ थांबले. आमच्याकडे नेमकं तेच होत नाही. बोलायला जाणाऱ्याची चूल पेटलेली असते. जो कमिटीत जातो त्याची जमीन बऱ्याचदा प्रकल्पाच्या हद्दीबाहेर असते, किंवा त्याने आधीच सातबारा कोणा मुंबईवाल्याच्या नावावर केलेला असतो. सडा गेला तर ज्यांची गुरं कुठे चरणार हा प्रश्न आहे, त्या बायका कमिटीत नसतात. त्यांना बसवा. मग मीच म्हणेन, जा बोलायला.

जांभा

सड्यावरची, तुमचा हा प्रतिसाद आला नसता तर माझा ठराव अर्धवट राहिला असता. मी पुढच्या ग्रामसभेत मांडायला मसुदा करतो आहे. पहिला भाग विरोधाचा, जसा आहे तसा, एक अक्षर बदलायचं नाही. दुसरा भाग असा: सरकारशी बोलायला जो जाईल त्याला ग्रामसभा लेखी अधिकार देईल. त्याची स्वतःची जमीन हद्दीत असली पाहिजे आणि गेल्या पाच वर्षांत त्याने ती विकलेली नसली पाहिजे. निदान निम्म्या बाया, आणि त्यातल्या काही गुरं राखणाऱ्या घरांतल्या. एकट्याने कोणी कोणाला भेटायचं नाही. परत आल्यावर दोन दिवसांत प्रत्येक वाडीत इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवायचं. कशावर बोलायचंच नाही त्याची यादी आधी: पाणवठे, देवराई, कातळशिल्पं, मच्छीमारांची जेटी. एवढं करून जो जाईल त्याला दलाल म्हणायचं नाही. म्हटलं तर सभेने त्या माणसाला खाली बसवायचं.

वेलदूरचा वारा

माझा संशय गेलेला नाही, तो जाणारही नाही. पण आमच्या वेळी असा ठराव असता तर फेरवाटाघाटीच्या खोलीत आमचा माणूस नाही हे निदान कागदावर दाखवता आलं असतं. मसुद्यात एक भर घाला. कमिटीने कशावरही सही करायची नाही. सही फक्त ग्रामसभेत.

प्रांत कचेरीसमोर

कायद्याच्या बाजूने काही, कारण इथे फार लोक गाफील राहतात.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे. खाजगी प्रकल्पाला ८० टक्के आणि खाजगी भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधितांची संमती लागते, हे सगळ्यांना पाठ असतं. पण एमआयडीसीकडून जमीन घेतली तर ती १९६१ च्या औद्योगिक विकास कायद्याखाली घेतली जाते, आणि तिथे ही संमतीची अट लागत नाही. तिथे हातात येते ती कलम ३२(२) ची नोटीस. ती प्रत्येक खातेदाराला वेगळी येते आणि हरकतही ज्याची त्याने लेखी, मुदतीत द्यायची असते. ग्रामसभेचा ठराव कितीही जोरदार असला तरी तो वैयक्तिक हरकतीची जागा घेत नाही. "आम्ही नोटीसच घेणार नाही" हे ऐकायला तडफदार वाटतं. पण नोटीस नाकारली तर तसा पंचनामा होतो, मुदत संपते आणि कागदावर तुमचा विरोध नसतो. विरोध कितीही टोकाचा असू दे, हरकत द्या, पोच घ्या, सुनावणीला जा आणि सुनावणीत काय बोललात ते लिहून घ्यायला लावा.

सामाईक सातबाऱ्यावर मुंबईतले भाऊबंद असतात, त्यांच्या हरकती राहून जातात. गणपतीला आले की सह्या घ्या.

ग्रामसभेसाठी गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातला कमी आकडा. उपस्थितीच्या रजिस्टरवर सह्या सभेच्या आधी घ्या, नंतर नको. आणि ग्रामसभेपूर्वी महिला सभा घ्यायची तरतूद आहे, ती बहुतेक ग्रामपंचायती कागदोपत्री उरकतात. सड्यावरचीने मांडलेल्या गोष्टीसाठी तीच सभा खरी वापरा. तिथला ठराव ग्रामसभेपुढे ठेवावा लागतो.

सड्यावरची

महिला सभेचं मला माहीत नव्हतं. आमच्याकडे तर अंगणवाडी ताईंच्या वहीत सह्या घेऊन जातात, तीच ती असावी. उद्याच ग्रामसेवकांना विचारते.

जांभा, वाटाघाटीबाहेरच्या यादीत सड्यावरची चराई घाला. ती कुठल्याच सातबाऱ्यावर नसते.

जांभा

घातली. वेलदूरचा वाराची सहीची अटही घातली. ग्रामसभा १ मेला आहे, त्याआधी महिला सभा खरोखरची भरवायचा प्रयत्न करतो. आमच्या वाडीतल्या दोघीजणी पुढाकार घ्यायला तयार आहेत. करंजा बंदर आणि खारेपाटातला, तुमच्याकडे त्या काळातल्या निवेदनांच्या, मागणीपत्रांच्या प्रती कोणाच्या घरी असतील तर व्यक्तिगत निरोप करा. फोटो चालेल, अक्षर लागलं पाहिजे.

खारेपाटातला

बावीस गावांच्या हरकतींच्या प्रती आमच्या काकांच्या कपाटात आहेत. रविवारी काढून पाठवतो.